डावी सीट

कावेरीने पर्समधून स्टेथोस्कोप काढला, तेव्हा तिने सोबत आणलेल्या बाबू मिस्त्रीने कपाळाला हात लावला. बॉनेट उघडं होतं, इंजिन सुरू होतं आणि जामसंड्याच्या त्या मांगरात, बागेतल्या कोठारात, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांशेजारी, बत्तीस वर्षांची हिरवी जीप अंग हलवत उभी होती. कावेरीने नळ्या कानात घातल्या, चकती इंजिनावर टेकवली आणि डोळे मिटले.

"मावशी, कितवो महिनो?" बाबूने विचारलं.

"गप रव. ठोके आयकतंय."

ठोके एका लयीत पडत होते. तिने नळ्या काढून बाबूच्या कानात घातल्या. तो आधी हसला, मग त्यानेही डोळे मिटले. नळ्या काढून म्हणाला, असलं इंजिन आता बघायला मिळत नाही. आणि बाबू मिस्त्री कुणाच्या गाडीला सहसा बरं म्हणत नसे.

दोन वर्षं हा शोध चालला होता. सावंतवाडीला एक जीप पाहिली, ती नव्या नवरीसारखी चमकत होती. कावेरीने मडगार्डवर अंगठा दाबला, गरोदर बायांच्या घोट्यावर सूज बघायला दाबायची तसा, आणि रंगाचा पापुद्रा फुटून अंगठा आत गेला. आत नुसता गंज. विजयदुर्गच्या जीपने आयुष्यभर मासळीची जाळी वाहिली होती. तिच्यात बसलं की पायांमधून खालचा रस्ता दिसे. निहार, तिचा मुलगा, पुण्याहून फोनवर रोज सांगत होता की आई, या वयात हा काय वेडेपणा, गिअर नसलेली छोटी गाडी घे आणि सुखाने फिर. सांगणं त्याचं चुकीचं नव्हतं. पण त्याने ती पाठची सीट पाहिली नव्हती.

तेहेतीस वर्षं कावेरी उपकेंद्रात नर्स होती. सड्यावरच्या, वरच्या कातळमाळावरच्या वाड्यांत लस द्यायला जायचं तर सरकारी जीप यायची. पुढे डॉक्टर, मधे साहेब, आणि पाठीमागे जादा टायरला टेकून, मांडीवर लसीची थंड पेटी धरून कावेरी. तिथून फक्त मागे पडलेला रस्ता दिसे, तोही धुळीतून. पुढून येणारा रस्ता तिने कधी पाहिलाच नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन उभी राहिली, तेव्हा लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत. तिला जीपच हवी होती, आणि तिच्यात पुढे, स्टिअरिंगपाशी बसायचं होतं.

आणि ही जीप तिने ठरवूनच टाकली होती. पत्रा अस्सल, रंग कंपनीचा, फोर व्हीलचा दांडा लोण्यात सुरी फिरावी तसा पडत होता. गाडीखाली वाकून बघितलं तर चासीवर कसलासा काळा तुकतुकीत लेप.

"उंडीच्या बियांचा त्याल," दाराशी स्टुलावर बसलेले शंकरतात्या म्हणाले. गाडीचे ते मालक. शहात्तर वर्षांचे, पाठ गाडीकडे करून बसलेले. "होडयेक लावतत ना, ताच. दर वर्सा पावसाआदी मी लावतंय. खारो वारो होडयेक सोडणा नाय, तो गाडयेक सोडतलो?"

किंमत पहिल्या चहालाच ठरली. कागदपत्रं चोख होती. आता अडायला काही नको होतं, पण तात्या उठले आणि खांद्यावर पंचा टाकून म्हणाले की देवाला विचारायला हवं. देवाने उजवा कौल दिला तरच गाडी द्यायची.

त्यांच्या बायकोने, सुभद्राकाकींनी, चहाचे कप गोळा करता करता कावेरीला बाजूला घेतलं. आजवर सहा गिऱ्हाइकं आली, त्या म्हणाल्या, कोल्हापूरची, पुण्याची, एक तर थेट गोव्याचं. कुणाला जाडे टायर घालायचे होते, कुणाला वर दिवे. सहाही जणांना देवाने डावा कौल दिला. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तात्यांचं गाडी चालवणं बंद केलं, उजव्या डोळ्याने आता दिसत नाही. तेव्हापासून रोज सकाळी ते गाडी सुरू करतात, दहा मिनिटं आत बसतात आणि बंद करून बाहेर येतात. काकी हे हसत हसत सांगत होत्या, पण कावेरीने मनात मोजलं. सातवी ती होती.

देऊळ जवळच होतं. हरिश्चंद्र गुरवाने पाषाणावर पाणी शिंपडलं, उजवीकडे एक आणि डावीकडे एक पाकळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, की बा म्हाराजा, शंकराची गाडी ह्या नर्सबायला द्यायची असेल तर उजवी दे, नसेल तर डावी. "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले आणि पाकळ्यांकडे बघत बसले.

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. पाव तास गेला, अर्धा गेला. कौल मागितला की पाकळी पडेपर्यंत उठायचं नसतं. बाबू भिंतीला टेकून घोरू लागला. गुरव म्हणाला, देव विचारात पडलाय, असं क्वचित होतं. कावेरी पाकळ्यांकडे बघायचं सोडून तात्यांकडे बघू लागली. डिस्चार्जचा कागद हातात असूनही दवाखान्याच्या पायरीवर बसून राहणारे पेशंट तिने आयुष्यभर पाहिले होते. बरे झालेले असतात, घरचं माणूस न्यायला आलेलं असतं, तरी उठत नाहीत. मग हळूच विचारतात, सिस्टर, परत कधी येऊ? तारीख लिहून दिली की उठतात.

तात्यांचे हात मांडीवर उघडे पडले होते. बोटांच्या रेषांत ऑइलचं काळं मुरलेलं होतं.

"गुरवानू, गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला," कावेरी म्हणाली. "माझा पण घाला. गाडी माझी, मी चालयतलंय. पण दर महिन्याच्या पयल्या रविवारी ती तपासणीक तात्यांकडे येतली. ऑइल तात्या बघतले, उंडीचा त्याल तात्याच लावतले. दुसऱ्या कोणाचो हात लागूचो नाय."

बाबू जागा झाला होता. "आनी मी काय करू?" तो म्हणाला.

"तू पान्हे दी."

तात्यांनी मान वर केली नाही. पंचाने तोंड पुसलं आणि गुरवाला म्हणाले, "घाल रे हरिश्चंद्रा. म्हणता तसा घाल."

गुरवाने नव्याने गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणताना तात्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तो विरतो न विरतो तोच उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. दारातून वारा आला होता म्हणावं तर आलाही होता. पण डावी पाकळी जागची हलली नव्हती. कावेरीला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

तात्यांच्या घरी परत आल्यावर तिने पर्समधून बाळांच्या लसीकरणाचं एक जुनं कोरं कार्ड काढलं. नावाच्या जागी गाडीचा नंबर लिहिला, पुढच्या वर्षभरातल्या बारा रविवारांच्या तारखा घातल्या आणि ते तात्यांच्या हातात दिलं. तात्यांनी ते डाव्या डोळ्याजवळ धरून सगळं वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

पहिली फेरी सड्यापर्यंत मारायची ठरली. कावेरी उजवीकडे चढली. डावी सीट पहिल्यापासून सुभद्राकाकींची होती. आज त्या आपणहून बाबूसोबत पाठीमागे जाऊन बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बस थयसर. बग माका इतकी वर्सा कसा वाटला ता."

तात्या जरा घुटमळले, मग चढले. कावेरीने गिअर टाकला. गाडी फाटकातून बाहेर पडली, आणि समोर चढणीचा लाल रस्ता दिसला, पुढून तिच्याकडेच येणारा, मधे कुणाचंही डोकं नसलेला. पाठीमागे काकी मोठ्याने हसत होत्या. बाबू उगाचच हॉर्न वाजव म्हणत होता.

सड्यावरून परतताना उतार लागला. पहिल्या वळणावर कावेरीचं लक्ष डावीकडे गेलं. तात्या समोर बघत ताठ बसले होते आणि त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जात होता, जिथे ब्रेक नव्हता. कावेरीने पटकन ब्रेक दाबला. गाडी मंदावली, तात्यांचा पाय सैल झाला. पुढच्या वळणावर ती रस्ता आणि तो पाय दोन्ही बघत राहिली. त्यांचा पाय दाबला गेला की तिचाही दाबला जाई. खाली येईपर्यंत सगळी वळणं तिने अशीच उतरली.

फाटकाशी गाडी थांबली तेव्हा तात्यांनी सुस्कारा सोडला आणि बाबूकडे वळून म्हणाले, "बगलंस? ब्रेक अजून कसो लागता तो."

"व्हय तात्यानू," कावेरी म्हणाली, आणि चावी फिरवून तिने इंजिन बंद केलं.