भरलेला हौद

"तो कोपरा नीट घास. शेवाळ राहिलं तर उतरणारा घसरेल."

"उतरणार कोण, पाळकसाहेब? गिऱ्हाईक तर दिसत नाही!"

"मग तुलाच परत बुडवतो. पहिल्या खेपेला नीट भिजलाच नव्हतास तू."

दोघे म्हातारे हसले. माझे बाबा, म्हणजे पाळक, गमबूट घालून बाप्तिस्म्याच्या हौदात उभे होते आणि मंडळीची सेवा बघणारे डीकनकाका ब्रश घेऊन गुडघ्यांवर. चर्चमधल्या उपदेशपीठासमोरच्या फळ्या उचलल्या की हा हौद दिसतो. मंडळीच्या वर्धापनदिनाआधी बाबा तो घासून भरून ठेवत, कोणी बाप्तिस्मा मागितलेला नसला तरी. आमच्या पंथात तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. विश्वास बसला की ज्याचा त्याने मागायचा, आणि पाळकाने कोणाला गळ घालायची नाही. पोटच्या मुलीलाही नाही. माझे केस पिकायला लागले, तरी बाबांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. हौद मात्र दर वर्षी भरत.

त्या प्रसंगासाठी त्यांनी एक गीत रचलं होतं. त्याचं शेवटचं कडवं माणूस पाण्यातून वर आल्यावरच म्हणायचं, एरवी नाही:

जुने ते राहो तळाशी,
भेटू पैलतीराशी.

संध्याकाळी जेवताना त्यांनी बोटांनी टेबलावर ताल धरला.

"शेवटच्या कडव्याची चाल जरा बदललीय. कशी वाटते?"

"छान आहे."

"आणि शब्द?"

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली. "चाल फारच छान आहे, बाबा. गार व्हायच्या आत जेवा बरं."

"जेवतो, बाई, जेवतो," ते म्हणाले आणि जेवू लागले.

दुसऱ्या दिवशी उपासनेआधी ते मागच्या खोलीत खुर्चीवर सापडले. अंगात कोट, एक बूट पायात, दुसरा मांडीवर.

शवपेटी ठेवायला उपदेशपीठासमोरचीच एक मोकळी जागा होती. फळ्या पुन्हा बसवल्या आणि भरलेल्या हौदावर बाबांना ठेवलं. जमलेल्या दोन बाकांपुरत्या माणसांनी त्यांचंच गीत म्हटलं. शेवटच्या कडव्यापाशी डीकनकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. कडवं कोणीच उचललं नाही.

दफनविधीनंतर मी आणि काका चर्चमध्ये परत आलो. त्यांनी फळ्या उचलल्या.

"पोरी, पाणी सोडू ना? नवा पाळक काही येत नाही आता. आणि आला तरी कोणासाठी येईल?"

"सोडा."

ते घुटमळले. "तू म्हणालीस तर राहू देतो हो. दोन दिवस. चार दिवस."

"सोडा, काका."

त्यांनी बाही वर करून बूच ओढलं आणि मोरी तुंबली नाही ना, हे बघायला मागे गेले. मी हौदाच्या वरच्या पायरीवर बसले. पाणी आवाज न करता उतरत होतं. एकेक पायरी उघडी पडत गेली, मग बाबांनी घासून घेतलेला कोपरा दिसला. लख्ख होता.

"बाबा," मी म्हणाले. रिकाम्या चर्चमध्ये आवाज मोठा वाटला. "चाल खरंच छान होती. शब्द मला खरे वाटले नाहीत. कधीच नाही वाटले. म्हणजे आता आपली भेट नाही, बाबा."