शेवटच्या हौदातली तुटकी

वहिनी त्या दुपारी माशांजवळ जाऊन बसली, ती काही माशांच्या प्रेमाने नव्हे. पाय बोलायला लागले होते आणि अख्ख्या कारखान्यात बसायला दुसरी थंड जागा नव्हती, एवढंच.

कारखाना म्हणजे तरी काय, कापड रंगवायची मोठाली पातेली, वाळवणाच्या दोऱ्या, कामाला दहा-बारा बाया आणि मागच्या अंगाला ओळीने चार हौद. वहिनी आणि तिची धाकटी नणंद, दोघींनी मिळून हा उद्योग थाटला होता. नणंद वहिनी म्हणते म्हणून साऱ्या जगाची ती वहिनीच. आसपासचे रंगवाले उरलेलं पाणी सरळ ओढ्यात सोडायचे. आज ओढा जांभळा, उद्या हिरवा. आपण असलं पाप करायचं नाही, असं दोघींनी पहिल्याच दिवशी ठरवलं. पाणी एका हौदातून दुसऱ्यात निवळत जायचं आणि शेवटच्या हौदात मासे. मासे धड असतील तर व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी ओढ्याला. एक जरी मासा उलटा पडला तर व्हॉल्व्ह बंद, रंगकाम बंद, सगळं पाणी पुन्हा पहिल्या हौदात. लोक हसले. "कापड रंगवताय की मासे पाळताय?" हसेनात का बापडे!

पण नेमके तेच मासे एका बड्या गिऱ्हाइकाच्या मनात भरले. त्याने माशाचं चित्र कापडाच्या लेबलावर छापलं आणि इतकं काम दिलं की दोघींना डोकं खाजवायला फुरसत उरली नाही. चांगुलपणाने धंदा करा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यात करणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात हे मात्र कोणी सांगत नाही. या खेपेला तर काळा रंग, त्यात घाई. संध्याकाळी टेम्पो अर्धा जरी रिकामा परत गेला तर पुढचं सगळं काम दुसऱ्याला, असं गिऱ्हाइकाच्या साहेबाने बजावलं होतं. शेवटचे तागे रंगायचे बाकी होते. व्हॉल्व्ह आजही उघडाच होता, कारण नणंद म्हणाली होती, "मासे मस्त आहेत, वहिनी. तू तिकडे बघूच नकोस."

वहिनीने हौदाच्या काठावर बोटांनी टकटक केलं. मासे वर यायचे सोडून तळाला पळाले.

"रुसलात होय रे?" ती म्हणाली आणि तुटकीला शोधू लागली. तुटकी म्हणजे अर्धी शेपटी नसलेली म्हातारी मासोळी. टकटक ऐकली की सगळ्यांत आधी तीच तोंड वर काढायची. आज तुटकीचा पत्ताच नव्हता. सगळे मासे कसे नवेकोरे, एका मापाचे.

वहिनीने नणंदेला हाक मारली. "तुटकी कुठंय?"

नणंदेने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "मेली."

"आणि बाकीचे?"

"तेही मेले. मग नवे आणले. ते गेले, म्हणून परत आणले. हे तिसरे."

ओरडावं असं वहिनीला फार वाटलं. पण ओरडायलाही अंगात जोर लागतो.

"अगं बाई, मेलेले दिसावेत म्हणूनच ठेवलेत ना ते?"

"तुला दिसले असते तर तू काम बंद केलं असतंस. मग? बाया घरी बसल्या असत्या आणि तू अंथरूण धरलं असतंस. आरशात बघ एकदा, वहिनी! चालता चालता झोपतेस. चार मासे बदलले तर काय आभाळ कोसळलं? तुझ्याच भल्यासाठी केलं."

ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. आता रागवायचं तरी कोणावर? किती दिवसांत ती स्वतः इथे दाणे टाकायला आली नव्हती. लेबलावरचा मासा रोज बघत होती, हौदातला नाही. वहिनीला स्वतःची लाज वाटली आणि लाजेपेक्षाही जास्त झोप आली.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबच होता. हात काळ्या रंगाने माखलेले, म्हणून तिने स्पीकर लावून फोन काठावर ठेवला.

"टेम्पो निघालाय बरं का!"

"माल पुरा होणार नाही, साहेब. पाणी निवळलेलं नाही. मासे मेलेत."

पलीकडे साहेब खो-खो हसला.

"एवढंच ना? घाबरवलंत की! अहो वहिनी, चार मासे बदला, काय आभाळ कोसळतंय? तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

नणंद फोनकडे बघतच राहिली. मग तिने बाह्या सरसावल्या, हौदाला वळसा घालून गेली आणि दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह फिरवू लागली. तो गंजून घट्ट झाला होता. किती दिवसांत कोणी बंदच केला नव्हता. दात-ओठ खात तिने तो पार शेवटपर्यंत आवळला.

"साहेब," ती तिथूनच ओरडली, "टेम्पो परत बोलवा!"

"मग पुढचं काम विसरा," साहेब म्हणाला आणि फोन बंद झाला.

नणंद वहिनीशेजारी येऊन बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देत रडली. बायांना काय सांगायचं, उद्या काय करायचं, काहीच ठाऊक नव्हतं. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या कुडत्यावर पाच काळी बोटं उमटली.

"तुटकीला कुठं टाकलंस?"

"टाकेन कशी? कुंपणाजवळ पुरलंय."

"चल, दाखव."

"चल," नणंद म्हणाली. पण दोघींपैकी कोणीच उठलं नाही.