पासिंगताईने नेलेली अकरा मतं

हाँगकाँगमध्ये घरकामाला असलेल्या आम्ही फिलिपिनो बायका रविवारी सेंट्रल भागातल्या पादचारी पुलाखाली पुठ्ठे अंथरून बसतो. आमच्या पुठ्ठ्यावर पासिंगताईचा शब्द चालायचा. चौदा वर्षं ती एकाच मालकिणीकडे होती. मला काम तिनेच मिळवून दिलं, आणि परदेशातल्या मतदारांच्या यादीत नाव घालायला वकिलातीत हाताला धरून तिनेच नेलं.

२०१६च्या एप्रिलमध्ये अध्यक्षपदाचं मतदान सुरू झालं. आम्हा बाहेरच्यांना महिनाभर मुदत असते, पण सुट्टी रविवारचीच. पहिल्याच रविवारी पासिंगताई आम्हा अकरा जणींना घेऊन निघाली. बरोबर कोंबडीच्या अडोबोचा मोठा डबा, भात, पाण्याच्या बाटल्या. रांग तीन तासांची होती आणि तिन्ही तास ती एकाच उमेदवाराबद्दल बोलत होती. नशेचा धंदा करणाऱ्यांना मी जिवंत सोडणार नाही, असं तो सभांतून सांगायचा.

"माणसं मारणार म्हणतो ग तो," मी म्हटलं.

"वाईट माणसं," ती म्हणाली. "माझा रोडेल कॉलेजातून येतो ना, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ती टोळकी बसलेली असतात. एकदा पोटाला सुरी लावून फोन काढून घेतला त्याचा. मी इथून काय करू? दुसऱ्याच्या पोराला न्हाऊ-माखू घालते आणि माझ्या पोराला नुसतं सांभाळून जा म्हणते. आज पहिल्यांदा त्याच्यासाठी या हाताने काही करतेय."

त्यावर मी काय बोलणार? आत गेले, पडद्यामागे मतपत्रिकेवरचा गोल काळा केला आणि बाहेर येऊन तिच्या हातचा अडोबो खाल्ला.

तो माणूस निवडून आला. पासिंगताईने पुठ्ठ्यावर सगळ्यांना पान्सितच्या शेवया वाढल्या.

ऑक्टोबरात रोडेल गेला. मनिलाजवळच्या वस्तीत तो आजीबरोबर राहायचा. दुपारी मित्राच्या घरी हेल्मेट परत द्यायला गेला होता. पोलीस त्या मित्राच्या थोरल्या भावाला नशेच्या धंद्यासाठी शोधत आले. भाऊ सापडला नाही, ही दोघं पोरं सापडली. कागदावर लिहिलं गेलं की दोघांनी पिस्तुलं काढली, प्रतिकार केला. रोडेल एकोणीस वर्षांचा होता.

मालकिणीने आठवड्याची रजा दिली. पासिंगताई पोराला पुरून परत आली आणि रविवारी नेहमीसारखी पुठ्ठ्यावर येऊन बसली. मग बेलेन, आमच्यातली सगळ्यात बडबडी, म्हणाली, "ताई, रागावू नकोस. पण उगाच कोणी कोणाला मारत नाही ग. पोरं आईला सगळं थोडंच सांगतात."

पासिंगताईने तिच्याकडे पाहिलं, मग एकेक करून आमच्याकडे. मी चपलेचा पट्टा लावत होते. तो आधीच लावलेला होता.

ती उठली, पिशवी घेतली आणि गेली. पुढची पाच-साडेपाच वर्षं ती चर्चच्या पायऱ्यांवर एकटी बसायची. तिकडून जावं लागलं तर मी रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

२०२२च्या एप्रिलमध्ये तिचाच फोन आला. "देल्फिना, मतदान सुरू झालंय. या वेळी त्याच्या माणसांविरुद्ध. येतेस? अकराही जणींना विचारलं. चौघींनी फोनच उचलला नाही. तिघी गाव गाठून बसल्यात. दोघी म्हणाल्या, वेळ नाही. बेलेनचं तर तुला माहीतच आहे."

मी गेले. रांग या वेळी आणखी लांब होती, हॉलपासून पार ट्रामच्या फाट्यापर्यंत. बहुतेक बायका जुन्याच बाजूच्या होत्या, एका रंगाचे शर्ट घालून फोटो काढत होत्या. पासिंगताई साठीची दिसत होती, होती बावन्नची.

"एकटीने थोडंच निवडून दिलं तू त्याला," मी म्हटलं. "लाखो लोकांनी दिलं."

"लाखांनी आपापलं दिलं. तुम्हा अकरा जणींना मी नेलं. माझं एक धरून बारा. रोज मोजते मी ती."

तिला थोडा तरी दिलासा मिळेल असं मला वाटलं. सहा वर्षं कोणाला न सांगितलेलं मी बोलून गेले. "बारा नाहीत, ताई. अकराच. मी त्याला दिलंच नव्हतं. दुसऱ्याच एका बाईच्या नावापुढे केलं होतं काळं."

ती थांबली. मागची बाई म्हणाली, पुढे सरका. आम्ही सरकलो.

"का नव्हतं दिलं?"

"भीती वाटली त्याच्या बोलण्याची. मारणारे कोणाच्याही दारात येतील असं वाटलं."

"हे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"वाटलं होतं."

"मग तीन तास शेजारी उभी होतीस. बोलली का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. तुला चार शब्द सुनावले असते, अडोबोही दिला नसता." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "पण माझ्या पोराबद्दल बेलेन बोलली, तेव्हाही तू गप्पच होतीस. मी तरी चुकून केलं, देल्फिना. तू जाणून गप्प बसलीस."

हॉलपर्यंतचे पुढचे दोन तास ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. आत वेगवेगळ्या टेबलांवर पाठवलं. मी बाहेर आले तेव्हा ती निघून गेली होती.

महिन्याभराने निकाल लागला. आमच्या बाजूची उमेदवार हरली. हाँगकाँगच्या मतांत तर आम्ही कुठे दिसतही नव्हतो. मी पासिंगताईला फोन केला, तिने उचलला नाही. पुढच्या वर्षी करार संपवून ती गावी गेली, हे मला बेलेनकडून कळलं.

आता त्या पुठ्ठ्यावर मीच थोरली. गेल्या वर्षीच्या सिनेटच्या निवडणुकीत रांगही नव्हती, मत फोनवरूनच देता आलं. नव्या मुली कलिंगड खात खात बोटाने नावं सरकवत होत्या. मला कोणाबद्दल काय वाटतं ते मी त्यांना सांगितलं, रोडेलचंही सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग एक जण हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या वेळचं वेगळं होतं," आणि त्या पुन्हा फोनमध्ये बघू लागल्या.