उजव्या कौलाचं ओझं

मित्रांनो, जरा टेका. हो, माझ्यावरच! मी एक जुना बाक आहे. परळच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गुणाजी आणि रमाबाईंच्या दाराबाहेर असतो. माझा एक पाय आखूड, म्हणून मी डुगडुगतो. पण अजून कुणाला पाडलेलं नाही.

माझा जन्म कोकणातला. गुणाजींच्या परसातला फणस वाऱ्यानं पडला आणि सीताराम सुतारानं त्यातून मला घडवलं. त्यांच्या थोरल्या मुलाच्या, राजेशच्या बारशाला मी मुंबईत आलो. गुणाजी तेव्हा गिरणीत होते. पाळी सुटली की राजेशला मांडीवर घेऊन माझ्यावर बसायचे. काय थाट होता माझा! सणासुदीला रमाबाई मला खोबरेल चोळायच्या. आता माझ्यावर पापड वाळतात आणि ओल्या छत्र्या टेकतात. असो.

पुढे संप झाला, गिरणी बंद पडली. राजेश नुकताच बारावी झाला होता, त्याला कॉलेजात जायचं होतं. घरात मिळवतं कुणीच नव्हतं, आणि बस-कंडक्टरची नोकरी चालून आली होती. गुणाजींना काही ठरेना. मग कोकणी माणूस करतो तेच त्यांनी केलं. धाकट्या भावाला, लवूला घेऊन ते गावी गेले आणि देवाला कौल लावला. तिथे पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी विचारलं, पोराला शिकवू का?

परत आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "डावा पडला." राजेश नोकरीवर रुजू झाला.

सगळे आत गेल्यावर गुणाजी माझ्यावर बसले आणि पुटपुटले, "देवा, कौल उजवो होतो रे." मी पडलो लाकूड, कुणाला सांगणार?

तेव्हापासून रोज संध्याकाळी नवरा-बायको माझ्यावर बसून पोरांचा विषय काढतात. "आपली धाकटी सुचित्रा नर्स झाली, मार्गाला लागली," रमाबाई म्हणायच्या. "राजेशचं मात्र शिकायचं राहिलं बाई." की झालं! गुणाजी उठून उगाच नळावर जायचे. घर चालावं म्हणून देवाच्या नावानं खोटं बोलून आपण पोराचं आयुष्य नासवलं, हे त्यांना आतून खात होतं.

गेल्या महिन्यात राजेश निवृत्त झाला. गळ्यात हार, हातात पेढे, आला तो थेट बापाशेजारी बसला. चौऱ्याऐंशी वर्षांचे गुणाजी त्याच्याकडे वळले, त्यांच्याबरोबर मीही डुगडुगलो.

"झिला, माका माफ कर," ते म्हणाले. "कौल उजवो पडलेलो. मी डावो सांगलंय."

रमाबाईंच्या हातातला पेढा तसाच राहिला.

राजेश मात्र हसला. "बाबा, मला माहीत होतं. लवूकाका तुमच्यासोबत देवळात होता ना? त्याच आठवड्यात सांगितलं त्यानं मला."

"मगे गप कित्याक रवलस?" गुणाजींना त्याच्या गप्प राहण्याचं कोडं पडलं.

"घरात चूल पेटत नव्हती, बाबा. मी तसाही नोकरीला जाणारच होतो. पण देव हो म्हणाला हे घरात कळलं असतं, तर तुम्ही आणि आईनं मला नोकरीला जाऊ दिलं असतंत? तुमचं खोटं माझ्या सोयीचंच पडलं. आणि वाईट काय झालं माझं? सुचित्रा शिकली. माझा मुलगा मयूर शिकला. बसमध्ये रोज हजार माणसं भेटली, मजेत गेली की नोकरी!"

गुणाजी ढसाढसा रडले. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं हो! ते माझ्यावरच टेकून होते, मला कळलं.

"माझ्यापासून पण लपवलंत?" रमाबाई कडाडल्या. मग त्यांनी तो पेढा नवऱ्याच्या तोंडात कोंबला. "आता गावी जाऊन देवापुढे नारळ ठेवा आधी!"

दुसऱ्याच दिवशी राजेशनं माझ्या आखूड पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकला. आता मी डुगडुगत नाही.

मित्रांनो, घरातला जुना बाक भंगारात देऊ नका, अधूनमधून पुसत चला. पण मनातलं मात्र माझ्यासारख्या लाकडाला सांगत बसू नका. ज्याला सांगायचं तो शेजारीच बसलेला असतो, त्याला सांगा. कदाचित त्याला ते कधीचंच माहीत असेल.