माईकवरचे तात्या

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या झुंबरचा हिशोब साधा होता. ड्रोन घेतला तर चार लग्नं जास्त मिळतात. कॉपी ठेवायला दुसरी हार्ड डिस्क घेतली, तर ती कुणाला दिसतसुद्धा नाही. त्यानं ड्रोन घेतला. आता एकुलती डिस्क टकटक वाजू लागली, तशी ती घेऊन तो इंदापूरहून बारामतीला निकिताच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला.

“भाऊ, ही मरायला टेकलीय. सगळ्यात महत्त्वाचं एकच सांगा, ते आधी काढते.”

झुंबरचे वडील, रतनतात्या, लग्नांत माईकवर पाहुण्यांचं स्वागत करायचे. गिऱ्हाइकाला व्हिडिओ देताना झुंबर तो आवाज पुसून गाणी टाकायचा. तात्या गेले. आवाज राहिला तो फक्त या डिस्कवर.

“पळसदेवचं लग्न काढा,” तो म्हणाला. “उन्हं कलली तरी वऱ्हाड आलं न्हवतं. तवर आमचे तात्याच माईकवर बोलत व्हते. गिऱ्हाइकाला दिलं तवा त्यो आवाज म्या पुसला.”

“मग त्यांना गप्प कशाला केलंत?”

“गाणं भारी व्हतं, ताई.”

तेवढं एक लग्न निघालं आणि डिस्क कायमची थांबली. दुकानात तात्या बोलू लागले, “पावनं, लाजू नका, हितं पुढं जागा हाय.”

बाकीच्या नवरानवरींचं काहीच गेलं नाही; त्यांची लग्नं गाण्यांसकट घरोघर आहेत. त्या लग्नांतले तात्या तेवढे गेले, आणि ते एकट्या झुंबरचे गेले.