दोन नंबरच्या खोलीतलं माप

तिच्या बोटाभोवती त्याने चिकटपट्टीचा एक वेढा दिला आणि टोक जिथे येऊन भेटलं तिथे तिच्याच पेन्सिलीने बारीकशी रेघ मारली.

"हे काय करतोयस?" तिने विचारलं.

"आखूड पडतेय ही," तो म्हणाला. पट्टी सोडवून त्याने खिशात टाकली आणि गुंडाळीवरून दुसरी फाडली.

शीतगृहाच्या दोन नंबरच्या खोलीत पारा उणे वीसवर होता. लेबलं सोलण्यासाठी तिने डाव्या हाताचा मोजा काढला होता, तेवढ्यात खोक्यांच्या थप्पीला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी सुटली आणि करंगळीशेजारच्या बोटाला चिरून गेली. रक्त फारसं आलं नव्हतं. तिथे पेनमधली शाईसुद्धा बाहेर यायला नको म्हणते, म्हणून तर ती पेन्सिल वापरायची.

गेले दहा दिवस तो याच बोटाच्या मागावर होता. आज ते आयतंच हातात आलं होतं. दुसरी पट्टी त्याने जखमेवर नीट बसवली आणि स्वतःचे मोजे काढून तिचा हात दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. त्याची फोर्कलिफ्ट, थप्प्या उचलायची गाडी, बाजूला घरघरत उभी होती. दोन मिनिटं गेली असतील, कदाचित तीन.  मग त्याने हात सोडला, मोजे चढवले आणि मटारची थप्पी उचलायला निघून गेला.

गोदामात त्याला सगळे खांब म्हणायचे. उंचीमुळे म्हणायचे, आणि अलीकडे दुसऱ्या कारणानेही. चार वर्षं आईचं आजारपण काढता काढता त्याची चाळिशी उलटली. गेल्या पावसाळ्यात आई गेली, तेव्हा नातेवाईक त्याच्या रडण्याची वाट बघत बसले आणि शेवटी कंटाळून चहा प्यायले. त्याला दुःख झालं नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही. जेवण पोटात जात होतं, झोप येत होती, गाडी बरोबर रांगेत लागत होती. कुणी विनोद केला तर कुठे हसायचं हे त्याला अजून कळत होतं, आणि तो तिथे हसायचा.

ती तापमानाची नोंदवही सांभाळायची. तिचं गोदामातलं नाव पारा, आणि ते फक्त कामावरून पडलेलं नव्हतं. तीन वर्षं ती त्याच्याबरोबर होती. त्याच्या आईच्या पाठीला पावडर लावायला आली होती, डॉक्टरांशी भांडायला आली होती, आणि गेले आठ महिने ती त्याच्या समोर बसून त्याच्या चेहऱ्यावर काही हलतंय का ते बघत होती.

मग तिला बढतीचं पत्र आलं. कंपनीचं नवं गोदाम, आठ तासांवरचं शहर.

"काय सांगू मी त्यांना?" तिने विचारलं होतं.

"तुला वाटेल ते सांग," तो म्हणाला होता.

हे त्याने मोठ्या बहिणीला, ताईला, सहज सांगितलं, तेव्हा ताईने हातातली उलथणी ओट्यावर आपटली.

"अरे बाळ्या, ती तुला विचारत होती!"

"मग मी सांगितलं की."

"डोंबल सांगितलंस! तिला अडवायचं असतं रे अशा वेळी. की नकोय ती तुला?"

तो विचारात पडला. नकोय असं मुळीच नव्हतं. हवीय असंही काही आतून उसळून येत नव्हतं. पण ती नसलेली खोली डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला की डोळ्यांपुढे काहीच येत नव्हतं, खोलीसुद्धा नाही. एवढ्या आधारावर लग्नाचं विचारता येतं का, हे त्याला कळेना. ताईला मात्र लख्ख कळत होतं.

"अंगठी घ्यायची, जेवायला बोलवायचं आणि विचारायचं. पण तिला कळता कामा नये. सरप्राइज!"

अशा रीतीने तो त्या बोटाच्या मागे लागला होता.

सोनाराने चिकटपट्टीची सुरळी एका निमुळत्या दांडीवर सरकवली, रेघेशी रेघ जुळवली आणि चष्म्यावरून बघितलं.

"अकरा. फारच नाजूक बोट आहे. माप नीट घेतलंय ना?"

"मी स्वतः घेतलंय," तो म्हणाला. थप्पी एका बोटाच्या फटीतून काढणारा माणूस तो, मापाच्या बाबतीत त्याला कुणी विचारलेलं आवडत नसे. आवडत नसे म्हणजे पूर्वी आवडत नसे. आता नुसतं उत्तर आलं.

सोनाराने मखमलीची तीन तबकं समोर ठेवली. ताई पुढे सरसावली. तिने फुलासारखी एक उचलली, मग मोठ्या खड्याची, मग त्याहून मोठ्या खड्याची, आणि प्रत्येक स्वतःच्या बोटात घालून हात लांब धरून बघितला.

"ही बघ. ही कशी वाटते?"

"चांगली आहे."

"आणि ही?"

"चांगली आहे."

"अरे, तुला एखादी वाईट वाटेल की नाही!" ताईने सोनाराकडे बघून हात टेकले. "याला दगड आणि खडा सारखाच."

सोनार समजूतदार होता. त्याने दिवा जवळ ओढला आणि म्हणाला, "साहेब, त्यांच्या हाताला काम काय असतं?"

"मोजे घालतात. काढतात. दिवसातून चाळीसदा."

"मग वर आलेला खडा नको. मोज्यात अडकेल."

त्यावर त्याने पहिल्यांदा तबकाकडे नीट बघितलं आणि सपाट कड्यात पुरता बसवलेल्या बारीक खड्याची अंगठी काढली. तिच्यावरून बोट फिरवून बघितलं, कुठे अडकत नव्हतं. ताईला ती मुळीच पसंत नव्हती, पण त्याने काहीतरी निवडलं याचंच तिला इतकं अप्रूप वाटलं की ती मूग गिळून गप्प बसली. अंगठीची डबी शर्टाच्या खिशात घालून तो बाहेर आला. छातीत धडधडतंय का, म्हणून त्याने चालता चालता डबीवर हात ठेवून बघितला. धडधडत नव्हतं.

शनिवारी दुपारी ताईच्या घरी तिच्या नवऱ्याचा, भाऊजींचा, वाढदिवस आहे असं सांगायचं ठरलं. खरा वाढदिवस होऊन चार महिने झाले होते. त्याबद्दल भाऊजींनी एकदा क्षीण आवाजात तक्रार केली, पण त्यांना मोबाइलवर चित्रण करण्याचं काम मिळालं आणि ते खूश झाले. ताईने खांबाला एक वाक्यही लिहून दिलं होतं. त्यात 'आयुष्याच्या वाटेवर' असे शब्द होते. फोर्कलिफ्टवर बसून त्याने ते चार दिवस घोकलं, तेव्हा त्यातला एकेक शब्द साबणाच्या वडीसारखा झिजत गेला आणि शनिवारपर्यंत काहीच उरलं नाही.

ती आली तेव्हा ऊन रणरणत होतं आणि लिफ्ट बंद होती. पाच मजले चढून ती लाल झाली होती. भाऊजींसाठी तिने मफलर आणला होता. एवढ्या उन्हाळ्यात भाऊजींनी तो गळ्यात गुंडाळला आणि घामाने निथळत सगळ्यांचे आभार मानले.

"कितवं लागलं, भाऊजी?" तिने विचारलं.

भाऊजींनी बायकोकडे बघितलं. वय किती ठरलंय, यावर बोलणंच झालं नव्हतं.

"आधी बसू या आपण," ताई घाईघाईने म्हणाली आणि भावाला कोपराने ढोसलं.

तो उठला. टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीपाशी गेला. गुडघ्यावर बसायचं ठरलं होतं, पण खुर्ची आणि भिंत यांच्यामधल्या जागेत त्याच्या मापाचा गुडघा मावेना, म्हणून तो अर्धवट वाकला. डबी उघडली. ताईने दिलेलं वाक्य आठवायला त्याने दोन क्षण दिले.

"लग्न करू या?" तो म्हणाला.

ती डबीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. तिचे डोळे भरून आले आणि तिने डावा हात पुढे केला. त्याने अंगठी चढवली. अंगठी पहिल्या पेरावरून गेली, दुसऱ्या सांध्यापाशी आली आणि थांबली. त्याने जरा जोर लावला. मग फिरवून बघितलं. अंगठी हलेना.

"साबण!" ताई ओरडली. "थांब, तेल आणते."

"कुठे घेतलंस माप?" अडकलेलं बोट तसंच धरून तिने विचारलं.

"आत. दोन नंबरला."

सगळ्यांच्या आधी तिला कळलं. आठ वर्षं ती त्या थंडीत हात घालत होती. आत गेलं की बोटं सुकून काड्या होतात, आईने दिलेलं कडं मनगटावरून घसरतं, हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. माप घेताना मात्र ते त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. उणे वीसमधलं बोट त्याला तिचं खरं बोट वाटलं होतं.

तिला हसू आलं. ती खळखळून हसली, भाऊजीही हसले, ताई तेलाची बाटली घेऊन दारातच हसत उभी राहिली. मग अंगठीकडे बघत ती हसता हसता थांबली.

"बोट चिरलं त्या दिवशी? ती आखूड पडलेली पट्टी?"

"हो."

"आणि मग माझा हात धरून उभा राहिलास, ते?"

तो खोटं बोलू शकला असता. ताई त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती, की बाबा रे, बोल आता एकदा तरी काहीतरी बरं. पण त्याला सुचलं ते खरं होतं तेवढंच.

"गोंद धरत नाही थंडीत. ऊब द्यावी लागते."

ताईने कपाळावर हात मारला. भाऊजींनी मोबाइल खाली केला.

 अंगठी सांध्यावर तशीच होती. दुसऱ्या हाताने तिने टेबलावरचं पाणी घेतलं, एक घोट प्यायली आणि पेला जागेवर ठेवला.

"मी त्याच दिवशी वर ऑफिसात जाऊन सांगितलं," ती म्हणाली. "नाही जात म्हणून. सरळ तिथून जिना चढले आणि सांगून टाकलं. मला वाटलं..."

 काय वाटलं, ते तिथे बसलेल्या कुणालाच सांगायची गरज नव्हती.

"तू मला बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तू विचारलंस कुठे?"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. तो अजून अर्धवट वाकलेलाच होता, त्याची कंबर दुखायला लागली होती.

"आता परत हो सांगता येईल का त्यांना?" त्याने विचारलं.

"येईल. सोमवारपर्यंत जागा भरणार नाहीत."

"मग..." तो म्हणाला आणि पुढचं वाक्य आलं नाही.

मग तू जा, असं ते वाक्य होतं. न्यायाने तेच बोलायला हवं होतं. तिला चुकीच्या मापावर इथे अडकवून ठेवणं बरोबर नव्हतं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने तोंड उघडलं आणि त्याची पाचावर धारण बसली. कानात रक्ताचे ठोके ऐकू यायला लागले. आई जाताना असं झालं नव्हतं. आठ महिन्यांत एकदाही असं झालं नव्हतं. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"काय होतंय तुला?" तिने विचारलं.

"भीती वाटतेय."

"कशाची?"

"तू जाशील."

आवाज त्याचा वाटत नव्हता. ताई पुढे झाली, भाऊजींनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी बायकोला असं अडवण्याची ही पहिलीच वेळ असावी.

ती खुर्ची आवळलेल्या त्याच्या हाताकडे बघत होती.   हे खरं आहे की हेही कशासाठी तरी आहे, ते ती तपासत असावी. नोंदवहीत आकडा लिहिण्याआधी ती नेहमी दोनदा बघायची.

"सोनार बदलून देईल," तो कसाबसा म्हणाला. "आण इकडे. काढतो."

त्याने हात पुढे केला. तिने मुद्दाम बोट वाकवलं. सांध्यावरची अंगठी आता वरही जाईना आणि खालीही येईना.

"ताई, वाढा," ती म्हणाली. "आणि याला आधी बसायला जागा द्या."