जळकोटची वाकळ

नांदेडची बुद्धप्रिया कलाप्रदर्शनं भरवायची, तीही विहारात, समाजमंदिरात. ज्यांचं दुःख, त्यांच्या माणसांनी ते आधी बघावं, असा तिचा हट्ट. यंदा लातूरला तिनं बायांनी शिवलेल्या वाकळा टांगल्या. मधोमध जळकोटच्या नागुबाईची वाकळ होती. सासरी जळून मेलेल्या थोरल्या लेकीची लुगडी जोडून शिवलेली. चुलीपुढं बसून नागुबाईनं सांगितलेलं सगळं बुद्धप्रियानं नावागावासकट खालच्या पाटीवर लिहिलं. तेच पेपरात आलं, आणि धाकट्या महामायाची ठरलेली सोयरीक मोडली.

कळल्याबरोबर बुद्धप्रियानं वाकळ उतरवली आणि जळकोटची बस धरली.

"जयभीम मावशी. चुकलं माझं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

नागुबाईनं वाकळ मांडीवर ओढून घेतली. "मी वाकळ दिली व्हती बाई. लेक न्हाई दिली."

"पण मी खोटं काही..." बोलताबोलताच बुद्धप्रियाला स्वतःचीच लाज वाटली.

"खरं हाय म्हनूनच तर. कुनाला सांगायचं ते मी ठरविलं असतं."

आतून महामाया म्हणाली, "जाऊ दे ना आई. असल्या लोकांत पडले नाही, बरंच झालं." बुद्धप्रियाला क्षणभर हायसं वाटलं. मग पोरगी दारात आली. तिचे डोळे रडून सुजलेले होते.

"मी पोराकडच्यांशी बोलू का?"

"आता आनिक कुनाला काई सांगू नको," नागुबाई म्हणाली.

लातूरला परतली तर शिवप्रसाद हा जुना चित्रकार मित्र रिकाम्या भिंतीपुढं उभा. "ही जागा लई बोलायली बघ. अशीच ठेव."

बुद्धप्रियाच्या मनात लगेच त्या जागेखालच्या पाटीची ओळ जुळायलाही लागली. ते ध्यानात आलं आणि ती भिंतीपासून मागं सरली. अजून आपण त्या बाईचंच घ्यायला बसलोय!

तिनं सगळ्या पाट्या काढल्या आणि एकेका बाईला फोन लावला. कुणी म्हणाली नाव काढ, कुणी म्हणाली राहू दे. कंधारची शिवम्मा हसली, "आता इचारायलीस व्हय?" आणि वाकळ परत मागितली. उरलेल्या वाकळा बुद्धप्रियानं सरकवून अशा टांगल्या, की मधे रिकामी जागा दिसू नये.

महामायाची सोयरीक काही पुन्हा जुळली नाही. नागुबाईनं फोन उचलला नाही. बुद्धप्रियानंही मग परत लावला नाही.